एका फोनमागची पाच माणसं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जनावरांच्या बाजारात आता बहुतेक गायी-म्हशींच्या कानात एक पिवळा बिल्ला दिसतो. त्यावर बारा आकडे असतात. त्या आकड्यांवरून जनावर कुणाचं, कोणत्या जातीचं, लस कधी टोचली, हे सरकारी संगणकात पाहता येतं. १ जून २०२४ पासून तर आपल्या राज्यात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला बंदी आली. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळी अजून उस्मानाबादीच राहिली, पण जनावराची खरी ओळख आता नावात नाही, आकड्यात आहे. या बिल्ल्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तो कानात लोंबतो, मालकाला दिसतो, घेणाऱ्यालाही दिसतो.

तुमच्या खिशातल्या मोबाइललाही असाच एक बिल्ला आहे आणि तो मात्र दिसत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये त्याला ‘जाहिरात आयडी’ म्हणतात. बत्तीस अक्षर-आकड्यांची ही एक ओळ असते आणि ती आपोआप तयार होते. त्यात तुमचं नाव नसतं, गाव नसतं. मग तिचा उपयोग काय? समजा, तुम्ही सकाळी हवामानाचं ॲप उघडलं, मग बाजारभावाचं, आणि दुपारी पोराच्या हट्टापायी एखादा खेळ उतरवून घेतला. ही तीन ॲप तीन वेगळ्या मालकांची. पण तिघांना जाहिराती पुरवणारी कंपनी एकच असली, तर तिला तिन्हीकडून एकच बिल्ला दिसतो. सकाळचा माणूस आणि दुपारचा माणूस एकच, असं ती धरून चालते.

ही युक्ती नवी नाही. १९९४ साली नेटस्केप या कंपनीत लू मोंटुली नावाच्या तरुण अभियंत्यानं ‘कुकी’ तयार केली. वेबची मूळ रचना मोठी विसरभोळी होती. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की तुम्ही कोण होतात हे ती विसरून जायची. दुकानात पिशवीत टाकलेली वस्तू गल्ल्यापर्यंत जाईतो नाहीशी व्हावी, तसा प्रकार. म्हणून वाचकाच्या संगणकावर एक छोटीशी चिठ्ठी ठेवायची आणि पुढच्या वेळी ती वाचून ओळख पटवायची, असा तो साधा उपाय होता. चिठ्ठी दुकानदाराची आणि गिऱ्हाइकाची, दोघांतलीच. पण थोड्याच वर्षांत जाहिरातवाल्यांच्या लक्षात आलं की, आपली जाहिरात शंभर दुकानांत लागलेली असेल तर शंभर दुकानांतून आपणही आपली चिठ्ठी ठेवू शकतो. तिथून या धंद्यानं जे रूप घेतलं ते आजवर टिकलं आहे. गूगलनं २०२० मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमधून या परक्या चिठ्ठ्या काढून टाकण्याची घोषणा केली होती. मुदती पुढे ढकलत ढकलत शेवटी तो बेत सोडून दिला.

यावर शहरात बोललं, लिहिलं जातं ते बहुतेक एकाच अंगानं. कंपन्यांना आपल्याविषयी फार कळतं, ही त्यातली तक्रार. मला आज दुसरी बाजू सांगायची आहे. जनावराचा बिल्ला जनावराच्या कानात असतो. फोनचा बिल्ला माणसाच्या कानात नसतो, फोनला असतो. आणि आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत फोन एकाचा नसतो. एकच बिल्ला पाच जनावरांनी आळीपाळीनं घालावा, तसं आपलं चाललेलं आहे.

ही केवळ माझी समजूत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना विचारलं होतं की, स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का? देशभरात ‘हो’ म्हणणाऱ्या बायका सुमारे ५४ टक्के निघाल्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांनी फोन वापरला तर तो नवऱ्याचा, मुलाचा, सासऱ्याचा किंवा दिराचा.

कळंबकडचं एखादं घर डोळ्यांपुढे आणा. सकाळी घरधनी सोयाबीनचा भाव बघतो. अकराच्या सुमाराला आजी नातवाकडून कीर्तन लावून घेते. शाळेतून आला की धाकट्याचा बंदुकीचा खेळ. संध्याकाळी दहावीतल्या मुलीला अभ्यासापुरता तासभर फोन मिळतो. रात्री भांडी आवरली की आईची पाळी. बचत गटाचे निरोप वाचायचे, पुण्यातल्या बहिणीचं तोंड बघायचं, जमलं तर दोन साड्या नुसत्याच बघायच्या. जाहिरात कंपनीच्या वहीत हे सगळं एका बिल्ल्याखाली जमा होतं. सोयाबीन पिकवणारा, कीर्तनात रमणारा, बंदुका चालवणारा, त्रिकोणमिती सोडवणारा आणि पैठणीकडे टक लावून बसणारा हा कोण प्राणी, असं त्या संगणकाला कधी वाटत असेल का, कोण जाणे. वाटलं तरी त्याचं काही बिघडत नाही. अंदाज चुकला तर एक जाहिरात वाया जाते, तिची किंमत पैशापैशांत मोजायची.

घरात मात्र ती किंमत वेगळ्या नाण्यात चुकवावी लागते. त्या दहावीतल्या मुलीनं एके दिवशी फोनला हळूच तोंड लावून विचारलं की, पाळी दोन महिने आली नाही तर काय करायचं? या वयात हे होतं. कधी अशक्तपणा असतो, कधी परीक्षेची धास्ती. आईला विचारायची लाज, डॉक्टर तालुक्याला. फोन तिला उत्तर देतो, ते कदाचित चांगलंही असतं. पण तेवढ्यावर थांबत नाही. दुसऱ्या दिवशी वडील सोयाबीनचा भाव बघायला फोन उघडतात, तर त्याच विषयाचे चार व्हिडिओ आणि कसल्याशा गोळ्यांची जाहिरात त्यांच्यापुढे हजर. कुणी चोरी केलेली नाही, कुणी पासवर्ड फोडलेला नाही. यंत्रानं आपलं रोजचं काम केलं, इतकंच. आणि घरात प्रश्न उभा राहतो की, हे बघत कोण होतं?

काही घरांत या प्रश्नाचं उत्तर आईकडे जातं आणि तिथेच मिटतं. काही घरांत फोनला कुलूप लागतं. फोनबरोबर अभ्यासाचा तास जातो, आणि कधी कधी शाळाही अवघड होऊन बसते. संशय भलत्याच माणसावर जाण्याची सोयही यात आहे. पोरगी गप्प राहिली तर नव्या सुनेकडे बोट दाखवायला वेळ लागत नाही.

बायकांचंच असं होतं असंही नाही. आपला जिल्हा कोरडवाहू. इथे कर्ज ही गोष्ट पुष्कळदा घरातल्या घरातही लपवलेली असते. रात्री सगळे झोपल्यावर घरधनी तातडीच्या कर्जाविषयी काही बघतो. सकाळी पोरगा फोन हातात घेतो आणि फोन त्यालाच विचारतो, दहा मिनिटांत कर्ज हवंय का? बापानं जे बायकोलाही सांगितलेलं नाही, ते अकरा वर्षांच्या पोराला एका जाहिरातीनं कळतं.

आपल्याकडे अशा वेळी कुणीतरी म्हणतंच की, लपवण्यासारखं काही केलं नाही तर भ्यायचं कशाला? हा घोळ थोडासा शब्दाचाही आहे. ‘गोपनीयता’ म्हटलं की काहीतरी गुपित, काहीतरी काळंबेरं असल्याचा वास येतो. मला ‘खासगी’ हा जुना शब्द जवळचा वाटतो. होळकरांच्या राज्यात दौलतीचा हिशेब निराळा आणि खासगीचा निराळा असे. खासगी म्हणजे चोरीचं नव्हे, ज्याचा हिशेब दुसऱ्याला द्यायचा नसतो असं. मुलीचा पाळीविषयीचा प्रश्न हा या अर्थानं खासगी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं जो निकाल दिला, त्यात खासगीपणा हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग मानला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी ती याचिका केली होती. हा हक्क त्या निकालात घराला दिलेला नाही, माणसाला दिलेला आहे. घरातल्या मुलीलाही तो तितकाच लागू आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

मग करायचं काय? जाहिरात आयडी काढून टाकता येतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘गूगल’ उघडा, तिथे ‘जाहिराती’ शोधा, आणि आयडी हटवण्याचा पर्याय निवडा. त्यानंतर ॲपनं बिल्ला मागितला तर त्याला नुसती शून्यांची ओळ मिळते. दोन मिनिटांचं काम आहे. मात्र ज्या खात्यातून आपण फोन सुरू करतो, त्या खात्याच्या कंपनीला आपण काय बघतो हे त्यानंतरही कळत राहतं. शोधाचा आणि व्हिडिओंचा इतिहास वेगळा पुसावा लागतो.

ब्राउझरमध्ये ‘इन्कॉग्निटो’ नावाची एक गुप्त खिडकी असते. जाणकार लोक तिला हसतात, आणि त्यांच्या परीनं ते बरोबर आहे. त्या खिडकीतून बघितलं तरी समोरच्या संकेतस्थळाला आपण दिसतोच. या मुद्द्यावर गूगलवर अमेरिकेत खटला झाला आणि २०२४ मध्ये तडजोड होऊन कंपनीनं तशा वापरातून जमलेल्या नोंदी नष्ट करण्याचं कबूल केलं. पण मला विचाराल तर आपल्या भागात ही खिडकी शहरापेक्षा जास्त कामाची आहे. शोधलेलं फोनमध्ये राहत नाही, एवढं तरी ती नक्की करते. कॅलिफोर्नियातल्या कंपनीला आपल्या पोरीचं नाव माहीत नाही, तिच्यावर ती रागावणारही नाही. आपल्याकडचा पहिला पाळतदार घरातच, त्याच बाजेवर बसलेला असतो. त्याच्यापुरता का होईना, एवढा आडोसा पुरतो. हे मुलींना शिकवावं का, असं एखादा पालक विचारील. शिकवावं. आणि पाळीविषयी घरात बोलावंही, म्हणजे खिडकीची गरज कमी पडेल.

फोन अनेकांचा असतो ही गोष्ट आपल्या सरकारला माहीत नाही असं नाही. १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हा एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करायची सोय मुद्दाम ठेवली गेली. शेताच्या बांधावर उभं राहून फोटो काढायचा तर प्रत्येकाकडे तसा फोन नसणार, हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. उलट २०२५ च्या सप्टेंबरमध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागण्यात आला. इथे सगळा भरवसा आकड्यावर. आता आधारला जोडलेला क्रमांक कुणाचा असतो? कधी दिराचा, कधी दहा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या सिमचा, कधी अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रवाल्याचाच. आकडा आणि माणूस एकच आहेत असं धरून चाललं की, जिथे ते एक नसतात तिथे माणसाचे हाल होतात.

किती हाल होतात याचं एक उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. ते जुनं असलं तरी सांगायला हवं. २००७ साली ऑर्कुट या तेव्हाच्या लोकप्रिय संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी अवमानकारक मजकूर आला होता. पुणे पोलिसांनी तपास सुरू केला. तो मजकूर कोणत्या आयपी पत्त्यावरून टाकला गेला हे त्यांना मिळालं, आणि त्या पत्त्याचा ग्राहक कोण हे एअरटेलकडून विचारून घेण्यात आलं. कंपनीनं दिलेल्या माहितीवरून ऑगस्टच्या अखेरीस बंगळूरमधल्या एका संगणक अभियंत्याला त्याच्या घरून अटक झाली. पन्नास दिवस तो येरवड्याच्या तुरुंगात होता. पुढे निष्पन्न झालं की कंपनीनं दिलेली माहितीच चुकीची होती. त्या मजकुराशी या माणसाचा काडीचाही संबंध नव्हता.

आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटला जोडताना कंपनी देते तो क्रमांक. त्याला पत्ता म्हणतात हीच मोठी फसगत आहे. पत्ता म्हटलं की आपल्याला वाटतं, गल्ली, घर, दार. प्रत्यक्षात तो एसटीच्या आसन क्रमांकासारखा असतो. सकाळच्या फेरीत त्या आसनावर कुणी उमरग्याचा बसतो, दुपारच्या फेरीत परंड्याचा. कोणत्या वेळी कोण बसलं होतं याची नोंद अचूक नसेल तर आसन क्रमांकाला काही अर्थ राहत नाही. मोबाइलवर तर एकच सार्वजनिक पत्ता एकाच वेळी पुष्कळ ग्राहकांना वाटून दिलेला असू शकतो. डिसेंबर २०२१ पासून दूरसंचार कंपन्यांनी कॉलच्या आणि इंटरनेट वापराच्या नोंदी किमान दोन वर्षं जपून ठेवायच्या असा सरकारचा दंडक आहे. नोंद जपली म्हणजे ती बरोबर वाचली जाईल याची हमी मिळत नाही, आणि बरोबर वाचली तरी ती सिमपर्यंत पोचते. सिमपुढे कोण बसलं होतं हे तिला सांगता येत नाही.

यात सायबर कॅफेची आठवण येते. २०११ साली केंद्र सरकारनं त्यांच्यासाठी नियम केले. येणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, नाव-पत्ता लिहायचा, कोणत्या संगणकावर किती ते किती वाजेपर्यंत बसला ते लिहायचं, आणि वही किमान वर्षभर ठेवायची. त्या नियमांचा जाच होता, पोरांना तो आवडत नसे. पण आज वाटतं, त्या वहीत निदान यंत्र कोणतं आणि माणूस कोण हे दोन रकाने वेगळे होते. घरातल्या फोनची अशी वही कोण लिहिणार, आणि लिहावी तरी कशाला? कॅफे गेले, रकाने एक झाले.

करोनाच्या काळात आणि त्यानंतर झटपट कर्ज देणाऱ्या ॲपनी जो धुमाकूळ घातला, तोही याच जातीचा होता. ॲप उतरवताना ते फोनमधली नावांची यादी मागायचं. गरजवंत ‘परवानगी द्या’वर बोट ठेवायचा. हप्ता चुकला की यादीतल्या मेव्हण्याला, मास्तरला, किराणा दुकानदाराला फोन आणि घाणेरडे फोटो. कर्ज एकानं घेतलं, अब्रू त्याच्यासह सगळ्या यादीची गेली. परवानगी देताना त्या मेव्हण्याला कुणी विचारलं होतं? रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये कर्जाच्या ॲपना फोनमधली यादी, फोटो, कॉलच्या नोंदी बघायला मनाई केली. मे २०२३ च्या अखेरीपासून गूगलनंही आपल्या प्ले स्टोअरवर तसा नियम लागू केला. तरी निरोपातून आलेल्या दुव्यावरून परस्पर ॲप उतरवलं तर हे दोन्ही दरवाजे मागे पडतात. असं ॲप यादी मागत असेल तर ते तिथल्या तिथे काढून टाका, पुढचं काही वाचत बसू नका.

आता कायद्याकडे येतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरच्या मुख्य बंधनांसाठी त्यात अठरा महिन्यांची मुदत आहे. कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची बरीच मोकळीक ठेवली आहे, आणि माहिती अधिकाराचा कायदाही त्यानं काहीसा आवळला. त्यावर स्वतंत्रपणे बोलायला हवं. पण दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, माहिती घेण्यापूर्वी कंपनीनं जी सूचना द्यायची, ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय तिनं केली पाहिजे. म्हणजे मराठीत मागता येईल. दुसरी, अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना नेम धरून जाहिराती दाखवायला, काही अपवाद सोडले तर, बंदी आहे. ही बंधनं मोडली तर दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड. मुलाची माहिती घ्यायची तर आधी आईवडिलांची संमती, आणि ती पडताळून घ्यायची.

कागदावर हे चांगलंच आहे. पण कायदा धरून चालतो की, फोनपुढे बसलेलं माणूस आणि खात्यावर नाव असलेलं माणूस एकच. कळंबकडच्या त्या घरात खातं वडिलांच्या नावावर, वय त्रेचाळीस. धाकटा खेळ खेळतो तेव्हा कंपनीच्या लेखी त्रेचाळीस वर्षांचा शेतकरी बंदूक चालवत असतो. मुलगी प्रश्न विचारते तेव्हाही तोच शेतकरी विचारत असतो. मुलांसाठी केलेली बंदी त्यांच्यापर्यंत पोचणार कशी? त्या फोनवर मूल आहे याचा पत्ताच कुणाला नाही. वेगळं खातं, वेगळी प्रोफाइल उघडता येते, काही फोनमध्ये पाहुण्यासाठीही सोय असते. पण घरात एकच फोन, चार्जिंग अर्धं, आणि प्रत्येक वेळी खातं बदलायचं, हे कोण करणार?

नवे नियम लागू झाले की पडद्यावर मराठीतली सूचना येईल. तुमची कोणती माहिती घेतो, कशासाठी घेतो, तुम्ही अठरा वर्षांवरचे आहात का, आणि खाली दोन बटणं. आजोबांना बारीक अक्षर दिसणार नाही. वडील शेतात असतील. आई म्हणेल, बघ गं, काय म्हणतोय तो. आणि ती सूचना मोठ्यानं वाचून, कोणतं बटण दाबायचं ते ठरवणारी, घरातली सगळ्यांत चांगली वाचणारी व्यक्ती, ती पाचवीतली नात असेल.